दिवसाउजेडी परराज्यात



सरहद्द म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर काटेरी तारा, पारपत्र आणि विमानतळावरची लांबलचक रांग उभी राहते. पर्यटन कंपन्यांच्या जाहिरातींनी आपली अशी समजूत करून दिली आहे की, परमुलूख पाहायचा तर किमान सहा रात्री व सात दिवस आणि दरडोई लाखभर रुपये बाजूला काढलेच पाहिजेत. गल्ल्यावर बसणाऱ्या आपल्या कर्त्या मंडळींना यांपैकी पैसा एक वेळ जमतो; सात दिवस जमत नाहीत. म्हणून या महिन्यात एका अशा सफरीविषयी लिहितो, जिला पारपत्र लागत नाही, मुक्काम लागत नाही, शिदोरी घरचीच चालते आणि सूर्यास्तापूर्वी परतून चौविहारही सांभाळता येतो. सकाळी कोलाडहून मोटारीने निघायचे, समुद्राच्या कडेकडेने एका परराज्यातून जायचे आणि संध्याकाळी कोलाडला यायचे. ते राज्य आज नकाशावर नाही, एवढीच काय ती अडचण.

१९४८ सालापर्यंत आजच्या रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर जंजिरा नावाचे संस्थान नांदत होते. राज्यकर्ते हबशी वंशाचे सिद्दी, म्हणून त्याला हबसाण असेही म्हणत. उत्तरेस कुंडलिकेची खाडी, दक्षिणेस सावित्रीची म्हणजे बाणकोटची खाडी, पश्चिमेस समुद्र आणि पूर्वेस इंग्रजी अमलाखालील कुलाबा जिल्ह्याचे रोहे व माणगाव हे तालुके, अशी त्याची चतुःसीमा. मधोमध राजपुरीची खाडी आत शिरून त्याचे दोन तुकडे करी. राजधानी मुरूड, म्हसळा आणि श्रीवर्धन ही दुसरी दोन ठाणी. एकंदर विस्तार सव्वातीनशे चौरस मैलांच्या आसपास. आपल्या कोलाडच्या आजोबा-पणजोबांच्या दृष्टीने मुरूड हे शेजारच्या तालुक्यातले गाव नव्हते. तिथे राजा वेगळा होता, कायदा वेगळा होता आणि जकातीचे नाकेही वेगळे होते.

या वेळी माझ्यासोबत कोलाडचे एक वयोवृद्ध व्यापारी होते. नाव छापू नये अशी त्यांची इच्छा असल्याने आपण त्यांना नुसते शेठ म्हणू. मागील आसनावर त्यांच्या आणि माझ्या घरच्या मंडळी, त्यांच्या मांडीवर थेपल्यांचे व खाखऱ्यांचे डबे, उकळून गार केलेल्या पाण्याच्या कळश्या. दिवस फाल्गुनातला, दुकानाच्या साप्ताहिक सुटीचा. वरवर पाहता ही निव्वळ सहल होती. परंतु शेठनी दोन दिवस आधी फोनवर सांगितले होते, ‘‘साहेब, फिरणे तर होईलच, पण दिघीची एक जागा नजरेखालून घाला. मुलाने मनात धरली आहे.’’

ती हकीकत थोडक्यात अशी. शेठचे किराणा-भुसाराचे घाऊक दुकान मुंबई-गोवा महामार्गालगत आहे. महामार्गाचे चौपदरीकरण २०११ च्या सुमारास पनवेल-इंदापूर टप्प्यात सुरू झाले आणि ते किती रखडले हे या रस्त्याने जाणाऱ्यांना मी सांगावयास नको. खड्डे, धूळ, वळणरस्ते यांत दुकानदारांची दहा-बारा वर्षे गेली. आता रस्ता होत आला, तर नवी चिंता अशी की वाहने गावात न थांबता वरच्या वर निघून जातील. मुलाचे म्हणणे, किनाऱ्याकडे बंदर वाढत आहे, उद्योगनगर येत आहे. तेथे गुदामासाठी जागा घ्यावी. तारण म्हणून कोलाडचे दुकान आणि वरचे राहते घर ठेवावे. शेठ ना हो म्हणत होते, ना नाही.

कोलाडहून धाटावच्या कारखान्यांच्या बाजूने रोह्यास पोहोचलो तेव्हा सूर्योदय झाला होता. रोहे म्हटले की आम्हा बँकवाल्यांना चिंतामणराव देशमुखांचे नाव आठवणारच. १९४३ साली ते रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. पुढे अर्थमंत्री असताना, मुंबईला महाराष्ट्रापासून तोडण्याच्या प्रश्नावर १९५६ साली त्यांनी मंत्रिपद सोडले. सीमा कोठे आखावी यावरून अर्थमंत्र्याने घरी जाणे पत्करल्याची दुसरी उदाहरणे शोधावीच लागतील. रोह्याला नवकारशीची वेळ होऊ दिली, गाडीतच नाश्ता केला आणि चणेऱ्याच्या रस्त्याला लागलो.

हा रस्ता मला सबंध प्रवासातला सर्वांत आवडता. डाव्या हाताला डोंगर, उजवीकडे अधूनमधून दिसणारी कुंडलिका. कोलाडला ती भिऱ्याच्या वीजघरातून सुटलेल्या पाण्यावर उसळत येते. मुंबईची तरुण मंडळी रबरी होड्यांत बसून तिच्यावर आरडाओरडा करतात. भिऱ्याचे हे टाटांचे वीजघर १९२७ पासूनचे. तीच नदी इथे भरती-ओहोटीच्या तालावर रुंद, संथ आणि गढूळ होते, तिवरांच्या बुंध्यांशी रेंगाळते. रोहे तालुका संपून मुरूड तालुका लागल्याची पाटी येते, तेथे साधारणतः जुनी सरहद्द ओलांडली जाते. नाके नाही, कमान नाही, शिपाई नाही. मी गाडी हळू केली आणि म्हणालो, ‘‘शेठ, आपण नवाबाच्या राज्यात आलो.’’ मागून वहिनी म्हणाल्या, ‘‘मग रुमाल बांधायला हवा होता डोक्याला.’’

व्यापाऱ्याच्या नजरेने पाहिले तर सरहद्द म्हणजे तरी काय? माल घेऊन जाणाऱ्याला जेथे कोणीतरी थांबवू शकतो, ती जागा. साळावला खाडी समुद्राला मिळते त्या ठिकाणी उभे राहिले की हे उमगते. खाडीच्या उत्तर तीरावर रेवदंडा व चौल, दक्षिण तीरावर समुद्रात घुसलेला कोर्लईचा डोंगर. चौल हे अतिप्राचीन बंदर. ग्रीक प्रवासवर्णनांतही त्याचा उल्लेख सापडतो. सोळाव्या शतकात येथे पोर्तुगीज आले. १५९४ साली त्यांनी कोर्लईचा डोंगरी किल्ला निजामशाहीकडून जिंकला आणि खाडीच्या तोंडावर दोन्ही बाजूंनी त्यांची पकड बसली. त्यांनी एक अजब पद्धत चालवली होती. अरबी समुद्रात कोणाही व्यापाऱ्याचे जहाज असो, त्याच्याजवळ पोर्तुगिजांनी पैसे घेऊन दिलेला परवाना हवा. नसेल तर जहाज मालासकट जप्त. पुढे कान्होजी आंग्रे यांनीही आपल्या हद्दीतील समुद्रात आपलेच दस्तक घ्यावे असा आग्रह धरला, आणि इंग्रजांनी ते मानण्याचे नाकारल्यामुळे वर्षानुवर्षे झगडे झाले. दक्षिणेस राजपुरीला सिद्दीचे आरमार टपलेले. अलिबागपासून राजपुरीपर्यंतच्या पन्नासएक किलोमीटरांत समुद्राचे तीन धनी! एका गलबताने कोणकोणाचा कागद जवळ बाळगावा? आजच्या वस्तू व सेवा कराच्या ई-वे बिलाला आपण नावे ठेवतो, ती ठेवण्याआधी या गलबतवाल्यांना आठवावे.

चौलला पंधराव्या शतकात एक रशियन व्यापारी उतरला होता. अफनासी निकितीन त्याचे नाव, व्होल्गाकाठच्या त्वेर गावचा. येथे घोडे पैदा होत नाहीत, तेव्हा घोड्याला सोन्याचा भाव मिळेल या आशेने त्याने एक उमदा घोडा सोबत आणला. घाट चढून जुन्नरला गेला तर तिथल्या खानाने घोडाच अडकवून ठेवला आणि ‘धर्म बदल, तरच परत देतो’ असे बजावले. एका खुरासाणी अधिकाऱ्याने रदबदली केली म्हणून घोडा सुटला. पुढे बिदरला तो विकला गेला. पण वाटखर्च आणि खुराक वजा जाता निकितीनच्या हाती फारसे काही उरले नाही. त्याच्या प्रवासवृत्तांतातील आपल्या मालाविषयीची निराशा वाचताना वाटते, पाच शतकांपूर्वीचा हा माणूस आपल्याच पेठेतला असावा. बाजारभाव ऐकून माल आणला, वाटेतला अडथळा हिशेबात धरला नाही. शेठनी ही गोष्ट दोनदा सांगायला लावली.

कोर्लईत आम्ही किल्ला चढलो नाही. गुडघ्यांनी तशी परवानगी दिली नाही. दीपगृहाच्या रस्त्याने जाऊन समुद्र पाहिला आणि परतताना गावातून आलो. इथे जे आहे ते किल्ल्याहून मोलाचे आहे. १७४० साली तहाने चौल आणि कोर्लई मराठ्यांकडे आली, पोर्तुगीज निघून गेले. परंतु कोर्लईतील ख्रिस्ती वस्तीत आजही एक भाषा बोलली जाते, जिचे शब्द पोर्तुगीज आणि ठेवण बरीचशी मराठी वळणाची. बोलणारे हजाराच्या आसपास. ते तिला ‘नो लिंग’ म्हणतात, म्हणजे ‘आपली भाषा’. राज्य जाऊन पावणेतीनशेहून अधिक वर्षे झाली, आजूबाजूला चहूकडे मराठी, आणि एका डोंगराच्या पायथ्याशी ही बोली घराघरांत टिकली. मासळीची पाटी घेऊन बसलेल्या एका मावशींनी आमच्याशी अस्खलित आगरी मराठीत बोलून, तोंड वळवून नातवाला त्या भाषेत काहीतरी बजावले. आम्हाला एक अक्षर कळले नाही. नातू मात्र निमूट उठला.

पुढचा रस्ता समुद्राला बिलगून जातो. काशीदचा पांढऱ्या वाळूचा किनारा प्रसिद्ध आहे आणि त्या प्रसिद्धीचे जे व्हायचे ते झाले आहे. सुटीच्या दिवशी तेथे जाऊ नये. आठवड्याच्या मधल्या वारी सुरूच्या झाडांखाली अर्धा तास शांत बसता येते. डावीकडचे फणसाड अभयारण्य म्हणजे एके काळचे नवाबांचे शिकारीचे रान. १९८६ साली ते अभयारण्य घोषित झाले. शिकारीसाठी राखले म्हणून जंगल उरले आणि आज तेथे जीवांना अभय आहे, ही उलटापालट आपल्या वाचकांना सुखावणारी आहे.

मुरूडला पोहोचेपर्यंत साडेदहा वाजले. गावाच्या अलीकडे टेकडीवर नवाबांचा राजवाडा दिसतो. ती खासगी मालमत्ता आहे, रस्त्यावरूनच पाहावा. शेठचे लक्ष राजवाड्याकडे नव्हतेच. त्यांचे आजोबा मुरूडच्या बाजारपेठेत सुपारीचे आणि किराण्याचे दुकान चालवीत. वडिलांचा जन्म इथला. आणि गेल्या सत्तर वर्षांत शेठ इथे एकदाही आले नव्हते! कोलाडपासून अंतर ते किती? ‘‘दुकान कोणावर टाकून येणार, साहेब?’’ हे त्यांचे उत्तर. आपल्यापैकी किती जणांच्या तोंडी हे उत्तर आहे, ते ज्याने त्याने पाहावे.

त्यांच्या घरातली परंपरागत गोष्ट अशी की, पणजोबा काठेवाडातून जाफराबादहून गलबताने मुरूडला आले. ऐकणाऱ्याला प्रश्न पडतो, काठेवाड कुठे नि मुरूड कुठे! परंतु त्याचा उलगडा इतिहासात आहे. जाफराबाद हे आजच्या गुजरातेतील अमरेली जिल्ह्याचे बंदर जंजिऱ्याच्या नवाबांच्याच ताब्यात होते, अगदी १९४८ पर्यंत. मध्ये सबंध खंबायतचे आखात, आणि तरी राज्य एक. ज्या जाफराबादच्या नावाने म्हशीची जात ओळखली जाते, तेच हे. तेव्हा जाफराबादच्या व्यापाऱ्याला मुरूड हा आपल्याच धन्याचा मुलूख, आणि डोंगरापलीकडचे कोलाड मात्र परराज्य. सरहद्दीचे हे गणित शेठनी प्रथमच ऐकले. ते बराच वेळ गप्प राहिले.

बाजारपेठेत चौकशी करीत गेलो. पत्ता म्हणजे काय, तर ‘मशिदीकडून येताना डाव्या हाताला, लाकडी खांबांचे’. तिसऱ्या फेरीत एका कपड्याच्या दुकानाचे खांब जुने सागवानी निघाले. मालक साठीचे, कोकणी मुसलमान. त्यांनी ऐकून घेतले आणि म्हणाले, ‘‘आमच्या अब्बांनी हे तुमच्या लोकांकडूनच घेतलेले. सुपारीवाले शेट म्हणायचे त्यांना.’’ त्यांनी गादी झटकून ओट्यावर बसवले. पाणी आम्ही आमच्याजवळचे घेतले, त्यांनीही त्याचे वाईट वाटून घेतले नाही. ‘‘तुमच्यात उकळलेलेच लागते, ठाऊक आहे,’’ एवढेच बोलले. शेठनी एका खांबावर हात ठेवला होता, तो उठेपर्यंत काढला नाही.

आजोबांनी मुरूड का सोडले, यावर ओट्यावर थोडी चर्चा झाली. १९४८ च्या जानेवारीत संस्थानाविरुद्ध प्रजेचा उठाव झाला. नानासाहेब पुरोहित हे त्या लढ्याचे नेते आणि तरुण मोहन धारिया हेही त्यात होते. हेच धारिया पुढे १९७७ च्या जनता सरकारात वाणिज्यमंत्री झाले. त्याच वर्षी संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले आणि मुरूड, म्हसळा, श्रीवर्धन कुलाबा जिल्ह्याला जोडले गेले. या जिल्ह्याचे नाव १९८१ साली रायगड झाले. परंतु शेठच्या घरात त्या धामधुमीची काही वाईट आठवण नाही. कारण साधे होते. राजधानी होती तोवर कचेऱ्या होत्या, कारकून होते, दरबारची खरेदी होती. राजधानी गेली, गिऱ्हाईक गेले. पाठोपाठ राज्यघटनेच्या ३०१ व्या कलमाने देशभर व्यापार मुक्त झाला. संस्थानी जकातींचे दिवस भरले. गलबताऐवजी माल मोटारीने येऊ लागला. मोटार जिथून जाई तो रस्ता कोलाडवरून होता, म्हणून शेठचे वडील कोलाडला आले. सरहद्द पुसली गेली म्हणजे सर्वांचेच भले झाले असे आपण शाळेत शिकतो आणि एकंदरीत ते खरेही आहे. पण सरहद्दीच्या आधाराने जगणारी गावे असतात, त्यांचा तोटा कोणत्या खात्यात लिहायचा हे कोणी सांगत नाही.

राजपुरीचा धक्का मुरूडपासून हाकेच्या अंतरावर. समोर पाण्यात जंजिरा. बावीस एकरांचा तट, एकोणीस बुरूज, कलालबांगडी तोफ, दारावर हत्तींना पंजांत धरलेल्या वाघाचे शिल्प, हे सर्व पर्यटनपुस्तकांत आहे. शिडाच्या होडीतून हेलकाव्यांवर पायरीवर उडी टाकावी लागते, तेव्हा आम्ही चौघे वृद्ध धक्क्यावरच बसलो आणि डबे उघडले. मला स्वतःला हा किल्ला बाहेरून पाहण्यातच अधिक अर्थ वाटतो. शिवाजी महाराजांनी त्याच्यावर मात करण्यासाठी समोर कांसा खडकावर पद्मदुर्ग उभारला. संभाजी महाराजांनी १६८२ च्या मोहिमेत खाडीत भराव टाकून किनाऱ्यापासून किल्ल्यापर्यंत वाट करण्याचा प्रयत्न केला. धक्क्यावरून ते पाण्याचे अंतर दिसते. एवढेसेच, आणि तेच पार होईना. चिमाजी अप्पांनी १७३६ साली रेवसजवळ सिद्दी सात याला ठार केले, पेशव्यांनी बराच मुलूख सोडवला. किल्ला मात्र अखेरपर्यंत सिद्दींकडेच राहिला. तो गेला तो १९४८ सालच्या सहीशिक्क्याने, एकही तोफ न डागता.

राजपुरीहून आगरदांड्यास आलो. येथून खाडी ओलांडून दिघीला फेरीबोट जाते, तिच्यात मोटारीही चढतात. आम्ही गाडी अलीकडेच उभी केली आणि नुसती माणसांची तिकिटे काढली; गाडीचे भाडे द्यायचे आणि तासाभरात परत आणायचे, हा हिशेब शेठना पटणारा नव्हता आणि मलाही. पाण्यावरची ती थोडीशी मिनिटे या सफरीतील सर्वांत निवांत. वाचकहो, ही फेरी लवकर करून घ्या. रेवस ते रेड्डी या सागरी महामार्गाच्या योजनेत ही खाडी पुलाने सांधली जाणार आहे, साळाव-रेवदंड्यालाही नवा पूल व्हायचा आहे. बॅरिस्टर अंतुले यांच्या काळापासून बोलला गेलेला हा रस्ता आता प्रत्यक्षात येऊ घातला आहे. मग राजपुरीची खाडी पार झाल्याचे मोटारीतल्या माणसाला कळणारही नाही.

दिघीला उतरून मुलाने दाखवायला सांगितलेली जागा पाहिली. खाडीपासून थोडी आत, उतारावरची, आंब्याची चार झाडे. शेजारी ‘प्लॉट विकणे आहे’ अशा पाट्यांची रांग. शेठ म्हणाले, ‘‘बोला साहेब.’’

पस्तीस वर्षे कर्जाच्या फायली पाहिलेल्या माणसाने जे बोलावे ते मी बोललो. दिघी बंदराचाच इतिहास घ्या. खाडी खोल, जागा नामी, मुंबई जवळ. तरीही पहिल्या प्रवर्तकांची कंपनी कर्जात बुडाली, प्रकरण दिवाळखोरी न्यायाधिकरणात गेले आणि २०२१ च्या फेब्रुवारीत अदानी समूहाने ते बंदर ७०५ कोटी रुपयांस घेतले. कर्ज देणाऱ्या बँकांना आपल्या येण्यातील मोठा हिस्सा सोडावा लागला. बंदराची कल्पना चुकली असे नाही, वेळ चुकली. रस्ता आणि रेल्वे यायच्या आधी धक्का बांधून झाला होता आणि व्याज काही रस्त्याची वाट पाहत थांबत नाही. २०२४ च्या ऑगस्टमध्ये केंद्र सरकारने मंजूर केलेल्या बारा औद्योगिक नगरांत दिघीचे नाव आहे, ही गोष्ट खरी आणि आशेची. पण मंजुरी आणि गुदामाचे भाडे यांच्यामध्ये किती वर्षे जातील, ती वर्षे कोलाडच्या दुकानाने हप्ता भरायचा आहे.

दुसरे, जमिनीचे. आपण पिढीजात व्यापारी; सातबाऱ्यावर आपले नाव नाही. कूळकायद्याच्या ६३ व्या कलमान्वये जो शेतकरी नाही त्याला परवानगीशिवाय शेतजमीन विकत घेता येत नाही. औद्योगिक कारणासाठी कायद्याने वाट ठेवली आहे, परंतु तिलाही अटी आहेत, आणि त्या न पाळल्यास जमीन जाऊ शकते. कोणी ‘अमक्याच्या नावावर घेऊन ठेवू’ म्हणाला तर त्याला चहा पाजून निरोप द्यावा. शिवाय खाडीकाठ म्हणजे किनारा नियमन क्षेत्राचा प्रश्न आलाच. तो नियम समुद्रालाच नव्हे, भरतीचे पाणी जिथवर चढते त्या खाडीलाही लागू आहे. आणि हा भाग खोतीचा, संस्थानी वहिवाटीचा. जुने फेरफार उलगडत गेल्याशिवाय मालक कोण हे ठरत नाही. तीस वर्षांचा शोध इथे पुरेल असे मला वाटत नाही.

शेठनी सर्व ऐकले. मग म्हणाले, ‘‘माझे आजोबा सुपारीच्या मागे इथे राहिले, बाप रस्त्याच्या मागे तिकडे गेला. मुलाला रस्ता इकडे येताना दिसतो. त्याचे चुकते काय?’’ चुकत नाही, आणि ते मी तसेच सांगितले. फक्त राहते घर तारणात घालू नये. गुदाम आधी भाड्याने घ्यावे, दोन पावसाळे काढावेत, गिऱ्हाईक कोण ते पाहावे. दुकानाच्या तारणावर खेळते भांडवल घेणे निराळे आणि घराच्या तारणावर जमीन घेणे निराळे. यावर मागून त्यांच्या घरच्या म्हणाल्या, ‘‘घर माझ्या नावावर आहे. मला कोणी विचारलेले नाही.’’ एवढा वेळ आम्ही दोघे पुरुषच बोलत होतो, हे तेव्हा ध्यानात आले.

परत आगरदांड्यास येऊन तळ्याच्या रस्त्याने निघालो. वाटेत कुडे येथे थांबण्यास मी सर्वांना बळेच राजी केले. राजपुरीच्या खाडीचे टोक जिथे डोंगरात शिरते, तिथे कुड्याची लेणी आहेत. बौद्धांची, सव्वीस, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची. लेणी कोरवणाऱ्यांची नावे भिंतींवर ब्राह्मी लिपीत आहेत आणि ही दात्यांची यादी मोठी गोड आहे. कोणी माळी, कोणी वैद्य, कोणी श्रेष्ठी. आणि एक लेणे दिले आहे कऱ्हाडच्या लोखंडाच्या व्यापाऱ्याने. कऱ्हाड घाटावर, ही खाडी तळकोकणात, मधे सह्याद्री. लोखंड विकायला खाली आलेल्या त्या माणसाने या बंदरात काय कमावले, कोणत्या राजाच्या नाक्यावर काय भरले, ते शिलालेखात नाही. नाव, गाव आणि धंदा तेवढा आहे. शेठनी चष्मा पुसून ती अक्षरे जवळून पाहिली, लिपी अर्थातच कळली नाही. ‘‘गाव लिहिले आहे ना पण?’’ त्यांनी विचारले. मी म्हटले, ‘‘लिहिले आहे.’’

तेथून इंदापूरला महामार्ग लागतो. सवासहाच्या आत कोलाडला होतो. बाहेरून उजेड असताना घरात गेलो आणि ताटे मांडली गेली. एकूण खर्च म्हणाल तर इंधन, फेरीबोटीची तिकिटे आणि काशीदच्या वाहनतळाची पावती. जाणाऱ्यांसाठी एवढेच सांगतो की पावसाळ्यात जंजिऱ्याच्या होड्या बंद असतात, आणि चणेऱ्याच्या रस्त्याला रात्री जाऊ नये. वस्ती विरळ आहे.

दिघीच्या जागेचा निर्णय अद्याप व्हायचा आहे. सातबारा, फेरफार आणि मूळ मालकाचे कागद घेऊन शेठचे चिरंजीव पुढच्या रविवारी माझ्याकडे येणार आहेत. सोबत आईलाही आण, असा निरोप मी दिला आहे.